उजेडाची सीमारेषा

कागल मागे टाकून दूधगंगेचा पूल ओलांडला, की पुणे-बंगळूर महामार्ग कर्नाटकात शिरतो आणि कोगनोळी, निपाणी, संकेश्वर, हत्तरगी अशी गावे घेत बेळगावास पोहोचतो. पूर्वी या रस्त्याचा क्रमांक ४ होता, आता तो ४८ आहे. परंतु जुन्या चालकांच्या तोंडी तो अजून ‘एन. एच. फोर’च आहे. रात्री दहानंतर या रस्त्याचे रूप पालटते. मोटारी विरळ होतात आणि मालट्रकांची रांग लागते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे या महामार्गावर आणि त्याला येऊन मिळणाऱ्या चिकोडी-गडहिंग्लज बाजूच्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या येतात. गाडीवान मोळ्यांवर पेंगत असतो, बैल आपल्या सवयीने वाट चालत असतात, आणि मागे लोंबणाऱ्या उसाच्या शेंड्यांनी गाडीची पिछाडी अशी झाकलेली असते, की तेथे दिवा असला तरी दिसू नये. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला ही गाडी केव्हा दिसते, यावर त्या गाडीवानाचे, बैलांचे आणि पुष्कळदा चालकाचेही आयुष्य अवलंबून असते.

हा हिशेब अवघड नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडतो. धोका डोळ्यांना दिसणे, तो मनाला उमगणे आणि पाय ब्रेकवर पडणे, यांत सावध माणसाचाही एक ते दीड सेकंद जातो. त्यानंतर भरलेली गाडी कोरड्या रस्त्यावर उभी राहण्यास आणखी तीसेक मीटर लागतात. म्हणजे पन्नास मीटरांच्या आत जे दिसेल, ते दिसून न दिसल्यासारखेच. आणि उजेडाचा स्वभाव असा, की अंतर दुप्पट झाले की तो चौथाईवर येतो. पंचवीस मीटरांवर जो रस्ता लख्ख दिसतो, तोच पन्नास मीटरांवर अंधूक होतो. जुन्या ट्रकचे पिवळट, धुरकटलेले दिवे घेऊन तवंदीचा घाट उतरणाऱ्या चालकाला अधिक उजेड हवासा वाटावा, यात काहीच नवल नाही.

प्रश्न आहे तो उजेड कसा वाढवावा, हा. बहुतेक मालक प्रथम जो मार्ग धरतात तो सोपा असतो. बाजारात ‘शंभर-नव्वद’ नावाने ओळखला जाणारा बल्ब मिळतो. नेहमीच्या ६०/५५ वॅटच्या बल्बाऐवजी तो बसवावयाचा, एवढेच. पण दोन दिव्यांत मिळून १८० वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या गाडीत १५ अँपिअर प्रवाह, मूळच्या बारीक तारांतून आणि जुन्या स्विचमधून वाहू लागला, की होल्डर काळा पडतो, तारांचे आवरण वितळते आणि एखाद्या रात्री धूर निघून दोन्ही दिवे एकदम विझतात. दुसरा मार्ग त्याहून घातक. झेनॉन किंवा एल. ई. डी. दिव्याचा संच आणून तो मूळच्याच दिव्यात जुन्या बल्बाच्या जागी खोचावयाचा. उजेड खरोखर वाढतो. चालकाला समोरचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. परंतु समोरून येणाऱ्या माणसाला मात्र काहीच दिसेनासे होते. असे का घडते हे समजण्यासाठी दिव्याच्या पोटात काय असते, ते थोडे पाहिले पाहिजे.

अनेक जुन्या ट्रकांवर आढळणारा सात इंच व्यासाचा वाटोळा दिवा म्हणजे एक चकचकीत वाडगा आणि त्यावर बसविलेली रेषारेषांची काच. वाडग्याची वक्रता गणितात जिला अन्वस्त म्हणतात त्या प्रकारची असते. या वक्राची नाभी म्हणून एक जागा असते. तेथे ज्योत ठेवली, तर वाडग्यावर आपटून निघणारे सारे किरण एकमेकांस समांतर होऊन सरळ पुढे जातात. हा झाला वरचा, लांबवर जाणारा झोत. खालच्या झोतासाठी त्याच बल्बात दुसरी तार असते. ती नाभीच्या किंचित पुढे बसविलेली असते आणि तिच्या खाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ही वाटी तारेचा खाली जाणारा उजेड अडविते. त्यामुळे तो वाडग्याच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून परतून रस्त्याकडे झुकतो. एका बल्बात दोन तारा घालण्याची ही युक्ती १९२५ च्या सुमारास जर्मनीत रूढ झाली, आणि हॅलोजन वायूचा एच-४ बल्ब १९७१ मध्ये आला तरी तत्त्व तेच राहिले. सारी करामत त्या तारेच्या नेमक्या जागेत आणि त्या वाटीत आहे. तिथे वेगळ्याच आकाराचा, वेगळ्याच जागी प्रकाशणारा झेनॉनचा नळा खोचला, की वाडग्याला काय करावे ते कळत नाही. तो मिळेल तो उजेड मिळेल त्या दिशेला फेकतो.

ट्रकच्या पाठीवर रंगविलेले ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ हे वाक्य या रस्त्यावरील शाळकरी मुलालाही पाठ असते. डिपर म्हणजे झोत खाली घेणे. मराठीत त्याच्याशी ध्वनीने जुळणारा ‘दिपणे’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ नेमका उलट परिणामाचा आहे, हा एक गमतीचा योगायोग. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून डिपर. एके काळी यावर आणखी एक उपाय आपल्याकडे सर्रास केला जाई : दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगविणे, किंवा मधोमध काळा ठिपका काढणे. हेतू चांगला होता. परंतु खालच्या झोताचा उजेड वाडग्याच्या वरच्या भागावरूनच निघत असल्यामुळे, काळ्या पट्ट्याने अडत होता तो बराचसा रस्त्यावर पडणारा उपयोगाचा उजेडच! समोरच्याचा त्रास थोडा कमी झाला, पण चालकाचा रस्ताही अंधारला. उजेड नुसता कमी करून किंवा नुसता वाढवून हा प्रश्न सुटत नाही. तो कोठे पडावा आणि कोठे पडू नये, हे ठरवावे लागते.

हे काम प्रोजेक्टर दिवा फार चोख करतो. त्याच्या नावातच त्याचे तत्त्व आहे. सिनेमागृहात यंत्र जसे फिल्मवरील चित्र पडद्यावर फेकते, तसा हा दिवा एका पत्र्याच्या कडेचे चित्र रस्त्यावर फेकतो. यातील वाडगा अन्वस्ताचा नसून लंबवर्तुळाच्या घडणीचा असतो. लंबवर्तुळाला नाभी दोन. एकीवर दिवा ठेवला, की परावर्तित झालेले सारे किरण दुसरीवर गोळा होतात. त्या दुसऱ्या नाभीशी धातूचा एक छोटा पडदा उभा केलेला असतो आणि त्यापुढे जाड बहिर्गोल भिंग. भिंग चित्र उलटे करते हे शाळेत शिकलेले आहेच. म्हणून पडद्याने खालचा उजेड अडविला, की रस्त्यावर वरचा भाग अंधारा होतो. पडद्याची वरची कड रस्त्यावर एका स्पष्ट रेषेच्या रूपाने उमटते. रेषेखाली भरपूर उजेड, रेषेवर जवळजवळ काळोख. या रेषेला उजेडाची सीमारेषा म्हणावयास हरकत नाही. भिंतीवर ती नीट पाहिली, तर तिच्या काठाने निळी-जांभळी किनार दिसते. तो भिंगाने केलेला रंगांचा खेळ आहे, दोष नव्हे. वरचा झोत हवा असेल तेव्हा विजेच्या चुंबकाने पडदा खाली पाडला जातो आणि तोच दिवा दूरवर उजेड फेकू लागतो. मोटारींत असे दिवे १९८० नंतरच्या दशकात आले, आणि १९९१ मध्ये एका जर्मन मोटारीत झेनॉनचा दिवा आल्यावर तर त्यांची गरजच निर्माण झाली; कारण नेहमीच्या एच-४ बल्बाच्या खालच्या झोतातून सुमारे १,००० ल्यूमेन उजेड निघतो, तर ३५ वॅटच्या झेनॉन नळ्यातून ३,२०० ल्यूमेन. एवढा उजेड मोकाट सोडणे कोणालाच परवडणारे नव्हते.

आज असे सुटे प्रोजेक्टर मोठ्या शहरांच्या बाजारांत मिळतात. काही नवे असतात, काही परदेशी मोटारींच्या भंगारातून काढलेले. भंगारातले पुष्कळदा अधिक चांगल्या घडणीचे असतात आणि स्वस्तही पडतात. पण येथेच एक असा खड्डा आहे, की त्यात जाणते कारागीरही पडतात. ती गोष्ट जरा विस्ताराने पाहण्यासारखी आहे.

सीमारेषा सरळ आडवी नसते. भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणजे समोरून येणारा नेहमी उजवीकडे असतो. डावीकडे असतो तो रस्त्याचा कडेपट्टा, पायी चालणारा माणूस, मैलाचा दगड, बंद पडून उभा असलेला ट्रॅक्टर, आणि उसाची बैलगाडी. म्हणून आपल्या दिव्याची सीमारेषा उजवीकडे खाली असते आणि डावीकडे पायरीसारखी वर चढते. समोरच्याच्या डोळ्यांपासून उजेड दूर राहतो, आणि कडेची गाडी मात्र लांबूनच दिसते. जर्मनी, फ्रान्स, अमेरिका या देशांत वाहतूक उजव्या बाजूने. तेथील दिव्याची पायरी उजवीकडे चढते. तसला प्रोजेक्टर निपाणीच्या ट्रकला बसवला, की सगळेच उलटे होते. बैलगाडीच्या वाटेचा उजेड कमी होतो आणि समोरून येणाऱ्याच्या नेमका डोळ्यांत जातो. दिवा महागाचा असतो, उजेड पांढरा आणि धारदार असतो, काम सफाईदार झालेले असते. तरीही तो दिवा या रस्त्यासाठी जुन्या पिवळट दिव्यापेक्षा वाईट ठरतो. प्रोजेक्टर उलटा फिरवून बसविल्यानेही हे सुधारत नाही. तसे केल्यास रेषेखाली काळोख आणि रेषेवर उजेड होईल. पायरी पडद्याच्या पत्र्यात कापलेली असते, ती बदलावी लागते. इंग्लंड, जपान किंवा भारतातील मोटारींसाठी घडविलेला प्रोजेक्टर निवडणे हा त्यापेक्षा बरा मार्ग. युरोपीय मान्यतेच्या अखंड दिव्याच्या काचेवर यासाठी खूण असते. समोर उभे राहून पाहिले असता उजवीकडे वळलेला आडवा बाण असेल, तर तो डाव्या बाजूच्या वाहतुकीचा दिवा. बाण मुळीच नसेल, तर उजव्या बाजूच्या वाहतुकीचा. भंगारातल्या सुट्या प्रोजेक्टरला मात्र बाहेरची काचच नसते. तो विकत घेण्यापूर्वी दुकानातच बॅटरीला जोडून समोरच्या भिंतीवर पायरी कोणत्या अंगास चढते ते पाहावे. दोन मिनिटांचे काम, पण पुढचे सारे त्यावर ठरते.

महामार्ग आता चौपदरी झालेला असल्यामुळे हा धोका टळला, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. दोन वाटांच्या मधल्या दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल लावलेली दिसते, ती नुसती शोभेसाठी नव्हे. समोरचा झोत अडविणे हे तिचे एक मोठे काम आहे. परंतु या भागातील सारी वाहतूक महामार्गावरच राहत नाही. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा करीत आंबोलीच्या घाटाने कोकणात उतरणारा रस्ता, बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यास जाणारा रस्ता, निपाणीहून चिकोडीकडे फुटणारा रस्ता, यांवर दोन्ही बाजूंची वाहने एकाच डांबरी पट्टीवर समोरासमोर येतात. तेथे कण्हेर नाही.

शिवाय एक गोष्ट ट्रकचालकाच्या सहसा ध्यानात येत नाही, आणि तो त्याचा दोष नव्हे. त्याचा स्वतःचा डोळा जमिनीपासून दोन मीटरांहून उंच असतो. मोटारीचे दिवे त्याला खालून लागतात, म्हणून त्यांचा त्रास त्याला कमी होतो. त्याच्या ट्रकचे दिवे मात्र पाऊण ते एक मीटर उंचीवर असतात आणि मोटार चालविणाऱ्याचे डोळे सुमारे सव्वा मीटरवर. मोटारसायकलवाला थोडासा वर. ट्रकचा झोत जरासा उचलला गेला, तरी तो थेट त्यांच्या चेहऱ्यावर जातो. दिपलेला डोळा पुन्हा काळोखात पाहू लागण्यास काही सेकंद घेतो, आणि वय वाढेल तसे हे सेकंदही वाढत जातात. त्या सेकंदांत मोटारसायकलवाला कोठे जातो, हे उंच कॅबिनमध्ये बसलेल्यास दिसत नाही.

प्रोजेक्टर आणण्याआधी एक साधी तपासणी करणे शहाणपणाचे ठरते. पुष्कळ जुन्या गाड्यांत दिवा वाईट नसतोच. त्याच्यापर्यंत वीज पोहोचत नसते. बॅटरीपासून निघालेला प्रवाह लांबच्या तारांतून, डॅशबोर्डवरील स्विचमधून, गंजलेल्या जोडांतून दिव्याशी येतो आणि वाटेत व्होल्ट गळतात. तारेच्या बल्बाचे वैशिष्ट्य असे, की व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बल्बाच्या टोकांशी आणि बॅटरीच्या टोकांशी मीटर लावून पाहावा. दोहोंत एक-दीड व्होल्टांचा फरक निघाला, तर बॅटरीपासून थेट जाड तार, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज, आणि मधे रिले, एवढ्याने मूळचाच दिवा टवटवीत होतो. जुन्या स्विचकडे मग फक्त रिलेला इशारा देण्याचे हलके काम उरते. काच आतून-बाहेरून पुसणे हाही असाच बिनखर्ची उपाय; पावसाळ्यात या भागातील तांबड्या मातीचा थर काचेवर असा बसतो, की निम्मा उजेड तोच खातो. कित्येक मालकांचे काम एवढ्यावरच भागेल. ज्यांचे भागणार नाही, त्यांनाही हे काम टळत नाही, कारण झेनॉनच्या चालकपेटीला सुरू होताना झटक्यात मोठा प्रवाह लागतो आणि तो जुन्या तारांना सोसत नाही.

जड ट्रकांत आणखी एक गाठ आहे. मोटारीत १२ व्होल्ट, तर जड ट्रकात सामान्यतः दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. बाजारातील बहुतेक झेनॉन संच १२ व्होल्टांचे. मग कोणीतरी तोड काढतो, की दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घ्यावेत. दिवा लागतो खरा. पण एक बॅटरी रोज उपाशी राहते, दुसरी रोज अजीर्णाने फुगते, आणि थोड्याच महिन्यांत दोन्ही बदलाव्या लागतात. २४ चे १२ व्होल्ट करणारी पेटी मध्ये घालावी, किंवा २४ व्होल्ट सोसणारा संचच घ्यावा.

प्रत्यक्ष बसविण्याच्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते हाताचे काम आहे आणि बेळगावसारख्या गावी हातांची वाण नाही. उद्यमबागेतील ओतशाळा आणि लेथवर्कशॉप यांच्या आधाराने येथे अशी माणसे घडली आहेत, की हव्या त्या मापाची कडी ती लेथवर काढून देतात. दिवा गाडीवरून उतरवावयाचा, काच वेगळी करावयाची, बल्बाच्या भोकातून प्रोजेक्टरचा आटे पाडलेला दांडा मागे काढून नटाने आवळावयाचा, की मुख्य काम झाले. प्लॅस्टिकची काच असलेल्या नव्या धर्तीच्या दिव्यात काच काळ्या चिकट लांबीने बसविलेली असते. ती शंभर-एकशेदहा अंश उष्णतेवर काही मिनिटांत मऊ होते. त्यासाठी तापमान राखणारी विजेची भट्टी हवी. गॅसची ज्योत फिरवून हे करू गेल्यास काच वाकडी होते. परत बसविताना जुनी लांबी पूर्ण खरवडून नवी भरावी लागते, आणि हवेसाठी मूळचे जे छिद्र असते ते बुजवावयाचे नाही. बेळगावचा पाऊस चार महिन्यांचा आहे. त्यात फट राहिली तर दिव्यात पाणी साठते, आणि छिद्र बुजले तर काचेवर आतून दव धरते. एका बाबतीत मात्र कुचराई चालत नाही : प्रोजेक्टर वाडग्यात तिळमात्रही तिरका बसता कामा नये. सीमारेषा एका अंगाला कलली, की तिचा अर्थ गेला.

यानंतरचे काम पुष्कळ जण करीतच नाहीत, आणि खरे तर तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ते म्हणजे झोत लावणे. त्यासाठी लागते एक सपाट अंगण, एक भिंत, एक खडू आणि मोजपट्टी. रात्रीच्या वेळी ट्रक भिंतीपासून दहा मीटरांवर सरळ उभा करावा. टायरांत हवा पुरी असावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर आडवी रेघ मारावी. खालचा झोत लावला असता उजेडाची सीमारेषा या रेघेच्या खाली पंधरा सेंटिमीटर पडली पाहिजे. दिवा नव्वद सेंटिमीटर उंचीवर असेल, तर हिशेबाने हा झोत साठ मीटरांवर जमिनीला टेकतो. रेषेची पायरी डावीकडे चढते ना, ती दोन्ही दिव्यांत सारख्या उंचीवर आहे ना, हेही तेव्हाच पाहावे. झोत आणखी उचलून लांब न्यावा असा मोह होतो. तो आवरावा. साठ मीटरांचा उजेड ताशी साठ किलोमीटरांना पुरतो, हे वरच्या हिशेबावरून दिसेल; ताशी ऐंशीला थांबण्याचे अंतर ऐंशी मीटरांवर जाते, आणि तेथे कमी करण्याची गोष्ट वेग आहे, झोताचा कल नव्हे.

ही परीक्षा रिकाम्या ट्रकवर करून उपयोग नाही. हौद्यात माल भरला, की मागचे पाटे दबतात, पुढचा भाग उचलला जातो आणि त्याच्याबरोबर दिवेही आभाळाकडे पाहू लागतात. एक अंशाने जरी नाक वर झाले, तरी दहा मीटरांवर झोत सतरा सेंटिमीटर चढतो. म्हणजे मोठ्या काळजीने खाली लावलेली रेषा दिव्याच्या उंचीच्याही वर जाते. म्हणून झोत लावावा तो नेहमीचा माल भरून. तंबाखूची पोती वाहणारा ट्रक असेल तर पोत्यांसकट, ऊस वाहणारा असेल तर उसासकट. रिकामा परतताना उजेड थोडा जवळ पडेल. तेवढे चालते.

कायद्याची बाजूही मालकाने जाणून घेतलेली बरी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ या दिपण्याच्या प्रश्नाविषयीच आहे. त्याचा आशय असा, की पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळविलेला असावा किंवा चालकाला तो खाली घेता यावा. आणि तो दिव्यापासून आठ मीटरांवर, अर्धा मीटर उजव्या अंगास, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसास दिपविणारा नसावा. यातील ‘उजव्या अंगास’ हे शब्द ध्यानात घेण्यासारखे आहेत. उलट्या पायरीचा प्रोजेक्टर आणि हा नियम यांचे जमणे कठीण. वाहनात मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाचे बंधन आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे वाचले आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यतेची तपासणी द्यावी लागते. त्यात दिवेही येतात. एमएच ०९ असो की केए २३, सीमेच्या दोन्ही बाजूंस हा नियम एकच. मूळ कारखान्याने याच नमुन्याच्या गाडीसाठी मान्यता घेतलेला प्रोजेक्टरचा दिवा मिळत असेल, तर हाताने काही घडविण्यापेक्षा तो घेणे केव्हाही निर्धोक.

रंगाबद्दल बाजारात बराच भ्रम आहे. निळसर दिवा अधिक प्रखर, अशी समजूत दिसते. निळसरपणा वाढेल तसा त्याच नळ्यातून मिळणारा उजेड घटतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांना तो अधिक खुपतो. साधारण ४,३०० केल्विनचा पांढरा रंग उजेडाला सर्वांत चांगला. धुक्यात पिवळा दिवा भेदून जातो ही दुसरी समजूत. फ्रान्सने तर १९९३ पर्यंत आपल्या मोटारींना पिवळ्या दिव्यांची सक्ती केली होती. पण धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात, की ते पिवळ्या-पांढऱ्यात फारसा भेद करीत नाहीत. आंबोलीच्या धुक्यात उपयोगी पडतो तो खाली बसविलेला, रुंद आणि वर अजिबात न उसळणारा झोत. वरचा झोत लावला, की समोर फक्त पांढरी भिंत उभी राहते.

प्रोजेक्टरचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याच्या सीमारेषेवर जवळजवळ काहीच दिसत नाही. रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाचे पाय दिसतात आणि चेहरा काळोखात असतो. उंचावरील पाटी वाचता येत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर ही धारदार रेषा वरखाली नाचते आणि समोरच्याला ट्रकवाला उगाच डिपर मारीत आहे असे वाटते. घाटात, रस्ता जेथे उतरता उतरता एकदम चढणीस लागतो, तेथे झोत समोरच्या चढावर जवळच आपटतो आणि पुढचे वळण अंधारात राहते. जुन्या दिव्याचा विस्कळीत उजेड अशा जागी थोडाफार वर जात असे. नवा दिवा लावलेल्या चालकाला पहिले आठ-दहा दिवस घाट हळू घ्यावा लागतो.

आणि बैलगाडीचे काय? दिवा कितीही चांगला बसविला, तरी उसाच्या सुकल्या शेंड्यांवरून परत येणारा उजेड फार थोडा. गाडीच्या पिछाडीला, मोळ्यांच्या बाहेर येईल अशा आडव्या बांबूवर, परावर्तक पट्टीचे दोन वीतभर तुकडे बांधले, तर चित्र निराळे होते. या पट्टीत बारीक काचमणी किंवा लोलक असतात, आणि तिच्यावर ज्या दिशेने उजेड येतो त्याच दिशेला ती तो परत पाठविते. म्हणजे ट्रकच्या खालच्या झोताचा जो काही अंश तेथवर पोहोचतो, तो ट्रकच्या चालकाकडेच परततो. ही पट्टी डावीकडे चढलेल्या पायरीच्या उजेडात येते, आणि पन्नास मीटरांच्या कितीतरी आधी रस्त्याच्या कडेला दोन लाल ठिपके पेटलेले दिसतात.